लेबल वाचणारी

माझं काम वाचणं.
ऑगस्टा, मेन राज्य, तिसरा मजला, उत्तरेची खिडकी.
वॉशिंग्टनने पास केलेलं औषध
इथे विकायचं तर राज्याचाही शिक्का लागतो,
आणि शिक्क्याआधी कुणीतरी
डोळ्यांत तेल घालून लेबल वाचायचं असतं.
ते कुणीतरी म्हणजे मी, ओदील पेल्तिए,
एकोणीस वर्षं.

मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
'धोका' किती मोठा छापलाय, कंपनीच्या नावापेक्षा लहान तर नाही,
रिकामा डबा तीनदा विसळा,
ते विसळलेलं पाणी कुठे ओता,
वारा ताशी दहा मैलांवर गेला की फवारा बंद,
मधमाश्या फुलावर असताना फवारू नये.
मधमाश्या फुलावर कधी नसतात
हे कुठल्याच लेबलवर नसतं.

घरी मी काही वाचत नाही.
रेनाल्ड चिडवतो: एवढी वाचणारी बायको
आणि घरात पुस्तक एक नाही.
न्हाणीघरात मात्र शाम्पूची बाटली
मागून पुढे वाचून काढते. सवय.

ऑगस्टच्या एका मंगळवारी
एम्ब्रोज सिलीबॉय काउंटरशी आला.
नोव्हा स्कोशियाहून दरवर्षी उतरतो,
बायको, दोन मेहुणे, मुलगी,
ब्लूबेरीच्या माळांवर दिवसभर वाकायला.
घोट्याएवढी झुडपं. हातात दातेरी फणी.
त्याची बोटं निळी होती, नखांखाली काळी,
आणि बोटांत एक भिजका कपटा,
ड्रमवरून सोलून काढलेला.

वरचं नाव विरघळून गेलेलं. नोंदणी क्रमांक अर्धा.
खाली एवढंच शिल्लक:
'...तासांपर्यंत शेतात प्रवेश करू नये.'
तो म्हणाला, किती ते फाटलंय.
तुम्हाला ठाऊक असेल असं
बाहेरच्या वॉचमनने सांगितलं.

ठाऊक होतं.
ओळींमधल्या अंतरावरूनच ओळखलं मी ते,
आईचं अक्षर पाकिटावर ओळखावं तसं.
अठ्ठेचाळीस होते.
गेल्या मार्चपर्यंत अठ्ठेचाळीसच होते.
मग सुधारित लेबल आलं, चोवीस.
बाकी एक स्वल्पविरामही हलला नव्हता.
मी समासात पेन्सिलने लिहिलं: का?
उत्तर आलं तीन पानी,
पहिल्या पानावर नुसते आभार.
वॉशिंग्टनचं होकारपत्र मागे टाचलेलं.
ग्रिंडलसाहेब म्हणाले, ओदील,
आपण प्रयोगशाळा नाही, आपण टपाल आहोत.
शुक्रवार होता. शिक्का मारला.

अठ्ठेचाळीस, मी म्हणाले.

मालक चोवीस म्हणाला, तो म्हणाला.

मालकही खरं बोलला, मी म्हणाले.

तो माझ्याकडे पाहत राहिला.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मुलगी तिसाव्या तासाला आत गेली, तो म्हणाला,
मोजून. घड्याळ लावून. मी मोजून घेतो.
पुढे तिचं काय, हे त्याने सांगितलं नाही
आणि मला विचारायचा फॉर्म नव्हता.
म्हणजे फॉर्म होता, दुसऱ्या मजल्यावर,
तक्रारींचा, चार प्रतींत.
तो मी त्याला दाखवला. बोट करून.

जाताना त्याने कपटा परत मागितला.
मी दिला. मग हाक मारून थांबवलं,
मागच्या कोऱ्या बाजूवर
शाईने लिहिलं: ४८.
खाली सही, खाली तारीख.
शिक्का नाही. शिक्क्याशिवाय
त्या कागदाची किंमत काय
हे माझ्याइतकं कुणाला माहीत.
त्याने तो टोपीच्या अस्तरात ठेवला.

आज डिसेंबर. नूतनीकरणाचे गठ्ठे आलेत,
फी भरलेली, पावत्या जोडलेल्या.
माळ तिकडे लाल होऊन गेले, आता बर्फाखाली.
फाइल काढली. समासातला माझा 'का'
कुणीतरी खोडरबराने पुसलाय, नीट,
कागदाला खरवड न येता.
उजेडाकडे तिरका धरला की
दाब अजून दिसतो.

तिथेच, त्याच खाचेतून, पेन फिरवते आहे.
ग्रिंडलसाहेबांच्या बुटांचा आवाज
जिन्यात आहे.