नोंद क्रमांक सात

केमी. जानेवारी. दुपारी तीनलाच खिडक्या काळ्या.
बसमध्ये हातमोजा दातांनी ओढून काढते,
फोनवर उघडते प्रॅक्टिकलची डायरी:
वर तारीख, खाली रिकामा चौकोन,
चौकोनात फिकट अक्षरांत
‘आज काय शिकलात?’

लिहिते: श्री. लांपेला, वय एक्याण्णव.
पाय धुतले, पुसले, मलम लावलं. चौदा मिनिटं.
पाठवा.

रात्री औलूहून, शंभर किलोमीटरवरून,
मार्केत्ताचा एका ओळीचा शेरा:
‘पाय कसे होते?’

कसे असणार? पायांसारखे पाय.
फोन उशीवर पालथा टाकला.
झोप काही लागेना.
चौदा मिनिटं ते पाय माझ्या मांडीवर होते
आणि मला आठवत होता फक्त टॉवेल. निळा.

दुसऱ्या दिवशी पाहिले.
टाचा बर्चच्या सालीसारख्या, पापुद्रे सुटत आलेले.
डाव्या पायाला बोटं तीनच.
विचारलं नाही. पुढचं घर वाट पाहत होतं.
डायरीत मात्र ऐटीत लिहिलं:
दोन बोटं हिमदंशाने गेलेली, रक्ताभिसरणावर लक्ष हवं,
असं करत करत दोनशे शब्द.
माझं मलाच कौतुक वाटलं.

शुक्रवारी लांपेला म्हणाले,
त्या फोनात माझ्याबद्दल काय खरडतेस गं, वेन्ला?
वाच.

कान तापले. वाचलं.
ते ऐकत राहिले, साखरेचा खडा दाताखाली,
कॉफी दोन्ही हातांत.
‘थंडीने?
मे महिना होता, पोरी.
नदी ओंडक्यांनी भरलेली, या काठापासून त्या काठापर्यंत.
एकावरून दुसऱ्यावर उडी मारली
आणि मधली फट मिटली.
अठराचा होतो मी.
ऊन होतं. लिही ते.
ऊन होतं.’

परतीच्या बसमध्ये ‘हिमदंश’वर बोट ठेवलं,
शब्द निळा झाला.
पुसणार, तर पुसवेना.
राहू दिला. त्याच्याखाली लिहिलं:
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलं नाही
आणि माहीत असल्यासारखं लिहिलं.
मग मे, मग ओंडके.
मग ऊन, त्यांनी सांगितलं तसं, दोनदा.

मार्केत्ताचा शेरा या वेळी आला नाही.
वाचल्याची हिरवी खूण तेवढी,
रात्री एक वाजून दहा मिनिटांची.

सोमवारी पुन्हा जायचंय.
उजव्या घोट्यावर एक व्रण आहे,
त्याचं विचारायचं राहिलंय.