शुभेच्या

सरकत्या जिन्याखालच्या तिरप्या जागेत माझं दुकान.
ताठ उभं राहिलं की डोक्याला जिना,
म्हणून दिवसभर मी जरा वाकलेलीच असते.
गिऱ्हाइकाला वाटतं, किती अदब.

समोर कारंजं चालतं, सकाळी अकरा ते रात्री दहा.
आमच्या मुकुंदवाडीत नळ येतो आठव्या दिवशी,
म्हणून गुलाबाच्या बादल्या मी इथंच भरून घेते.
सिक्युरिटीचा वाघमोडे तेवढा वेळ
चपलांच्या दुकानाकडं बघत राहतो.

मे महिन्यात लोक गार बसायला येतात.
करमाडच्या दोघी जावा जिन्यापुढं थांबल्या,
पदर खोचला,
ओढा ओलांडावा तसं एकदम पाऊल टाकलं.
वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या.
घ्यायचं काहीच नव्हतं.

ऑर्डरी फोनवर येतात. सगळ्या इथल्याच:
एन-दोन, एन-आठ, पुंडलिकनगर, गारखेडा.
पाच किलोमीटरवर माणूस राहतो
आणि त्याच्याकडं दहा जरबेरा जातात
मुजीबच्या गाडीवर, दोन गुडघ्यांत धरलेले.
मुजीब म्हणतो, आपा, दार उघडलं की लोक
आधी माझ्या मागं बघतात,
अजून कुणी आलंय का.

चिठ्ठी मी लिहिते.
'लिहा काहीतरी चांगलं,' म्हणतात, मी लिहिते.
माफी लिहिते, लवकर बरे व्हा लिहिते,
आम्ही आपल्या दुःखात सहभागी लिहिते,
एकाच दुपारी, एकाच निळ्या पेनानं.
माझं सातवीपर्यंतचं अक्षर
निम्म्या सिडकोच्या फ्रिजवर चिकटलंय.

परवा मंगळवारी, दुकानं जांभया देत असताना,
एक बाई आल्या.
कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेली नऊ कार्डं.
'ही तुमच्याकडची ना?'
'व्हय.'
'आमचे मिस्टर पाठवायचे. फेब्रुवारीत गेले.'
मी स्टूल पुढं सरकवलं.
त्यांनी कार्डं पत्त्यांसारखी मांडली.
नऊ वर्षं, नऊ वेळा:
वाढदिवसाच्या शुभेच्या.

'मी शाळेत शिकवायचे हो. पहिल्याच वर्षी विचारलं,
शुभेच्या काय? कोण ही शुभा?
नुसते हसले.
दरवर्षी मी विचारायचे, दरवर्षी ते हसायचे.
एकदा म्हणाले, आहे एक, मॉलकडं राहते.
मला वाटायचं मुद्दाम चुकतात, मला चिडवायला.'

मग त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली.
गृहप्रवेशाच्या शुभेच्या, भुसनर परिवार.
शाई अजून ओली होती.

डोक्यावर जिना फिरत होता.
तो शब्द कसा लिहितात
ते मला तेव्हा कळलं, पंचेचाळिसाव्या वर्षी.

'बाई,' म्हणलं, 'ते फोनवर सांगायचे, मी नुसती...'
'काय सांगायचे?'

रोज चाळीस फोन. काय आठवणार?
एक आवाज आठवत होता, मागं कंपनीचा भोंगा,
घाईघाईत म्हणायचा,
मागच्या वर्षी लिहिलं तस्संच लिहा,
काही बदलू नका.
तेच काळदाते होते का, देव जाणे.
पण मी सांगितलं.

बाईंनी कार्डं गोळा केली, रबर लावलं,
ते तुटलं, मी माझ्याकडचं दिलं.
'नाव काय तुमचं?'
'देवशाला.'
'म्हणजे शुभा नाही,' म्हणाल्या,
आणि निशिगंधाची एक काडी घेऊन गेल्या,
पैसे मोजून, वर दोन रुपये परत मागून.

आता मी पेन गिऱ्हाइकापुढं करते.
लोक दचकतात.
थर्मामीटर धरावा तसं धरतात,
'तुम्हीच लिहा की,' म्हणतात. मी बादल्या भरायला जाते.

काल एका पोरानं कार्डावर पंधरा मिनिटं घालवली,
दोन कार्डं फाडली, तिसऱ्यावर लिहिलं:
येतो.
एवढंच. खाली नावसुद्धा नाही.

मुजीबला म्हणलं, बाकीचं राहू दे,
हे आधी पोचव.