अर्थिंग

जुबैलचा कॅम्प, खोली चौदा,
गुरुवारी रात्री भाड्याची कॅसेट.
काळापांढरा डॉक्टर, म्हणे वेडा.
मला तर झोप न झालेला वाटला.
बरणीतला मेंदू म्हणजे सरळसरळ फ्लॉवर,
वटवाघळाची तार दिसते,
आणि एवढ्या मोठ्या यंत्राला
अर्थिंगच नाही.
म्हटलं, हा मरणार. इलेक्ट्रिशियन आहे मी.

सगळे हसले.
एसीचं पाणी ठिबकत होतं
कुणाच्या तरी डाळीच्या पातेल्यात.

मग डॉक्टरनं मेलेल्याचा हात आणला,
रबरी असावा, बोटं जरा फुगलेली,
आणि जित्या माणसाला शिवला
गोधडीसारखा, लांब लांब टाक्यांनी.
खटका ओढला.
हात हलला.

हसनमियाँ परकार, दापोलीकडचा,
मार्चमध्ये प्रेसखाली तीन बोटं गेलेला,
अंगठा नि करंगळीत सिगारेट धरून म्हणाला,
"मागं घे जरा."

घेतलं.
हात हलला.
"अजून एकदा."

पहाटेपर्यंत तेवढंच.
टेपवर पांढऱ्या रेघा यायला लागल्या,
बाकीचे तोंडावर चादर ओढून झोपले,
डॉक्टर शेवटी जळाला की सुटला
कुणाला ठाऊक नाही.

शुक्रवारी दुकानदार करवादला,
पहिल्यापासून गुंडाळून का नाही आणली?
एक रियाल दंड.
परकारनंच दिला,
डाव्या हातानं.