रकाना

माझ्याकडे एक लोखंडी पेटी आहे.
तिच्यात प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येकीवर आकडा.
एकदा खटकन बसली की कापल्याशिवाय निघत नाही.
पेटीची किल्ली माझ्या गळ्यात.
पगार तीन महिने थकलेला.

मी चिरुझा, लुकोमाच्या खाणीवरचा पट्टीवाला.
पिशवी तराजूवर चढते, मी काटा बघतो,
वहीत पाच रकाने भरतो:
तारीख, खड्डा, वजन, मालक, क्रमांक.
मग खटक्.
आता ही पिशवी स्वच्छ.
खटक्याच्या आधी ती काय होती, मला विचारू नका.

दगड तोच असतो.
काळा, आकाराच्या मानाने जड,
झोपलेलं पोर उचलावं तसा.

पलीकडच्या डोंगरावर बंदूकवाले बसलेत.
तिथलं कथीलही काळंच.
रात्री दोनला कुणीतरी माझ्या पत्र्यावर बोट वाजवतं,
'दहा पट्ट्या दे. पोरीच्या फीचं आम्ही बघू.'
मी म्हणतो, किल्ली साहेबाकडे असते.
किल्ली छातीवर गार पडलेली असते.
एकदा मी असं म्हणालो नाही.
एकदाच.
वहीत ते दिसत नाही. अक्षर माझं चांगलं आहे.

गेल्या वर्षी कुठल्याशा दूरच्या कंपनीने ठरवलं,
या भागाला हातच लावायचा नाही, म्हणजे हात मळणार नाहीत.
अकरा आठवडे पट्ट्या आल्या नाहीत.
दगड निघतच राहिला,
पोट कुणाच्या धोरणासाठी थांबतं?
निम्म्या भावाने तो रात्रीच्या होडीतून सरोवर ओलांडून गेला
आणि पलीकडच्या काठावर त्याला नवा जन्मदाखला मिळाला.
इकडे मीठ महागलं. दोन शिक्षक निघून गेले.
मग एका मंगळवारी पेटी भरून पट्ट्या आल्या
आणि आम्ही पुन्हा जबाबदार झालो.

न्सिमिरे कपाळाला पट्टा लावून पन्नास किलो उतरवते.
चार तासांची वाट, तिसऱ्या वळणावर नुसता चिखल.
पट्टा काढला तरी त्याची खाच कपाळावर राहते.
एकदा तिने वहीत डोकावून विचारलं,
'यात मी कुठे?'
मालकाच्या रकान्यात मालक, मी म्हणालो.
'आणि वाहणारी?'
तसा रकाना नाही.
'मग तुझ्या फोनवाल्यांना वाटत असेल, पिशव्या चालत येतात.'
ती हसली. मीही हसलो.
काटा अजून हलत होता.

मार्चमध्ये सात नंबरचा खड्डा बसला.
आत मुगारुका, आणि त्याचा मेहुणा,
ज्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.
दुपारीच त्यांनी दोन पिशव्या वर पाठवल्या होत्या.
पट्ट्या मीच लावल्या.
शेवटचे आकडे शून्य चार एक नऊ, आणि त्याच्या पुढची.
लॉरी पाचला निघाली.
ती थांबवायची तर कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

नंतर मलेशियातल्या भट्टीवरून नूरहायाती नावाच्या बाई आल्या.
स्वच्छ बूट, पण चिखलात उतरायला कचरल्या नाहीत.
म्हणाल्या, आमच्याकडे पट्टी कात्रीने कापून पिंपात टाकतात.
मग सगळे डोंगर एका कढईत.
त्यानंतर कोणता थेंब कुणाचा, ते वहीच सांगते, थेंब सांगत नाही.
आणि म्हणाल्या, कथलाची शुद्ध कांडी वाकवली की ती करकरते,
आम्ही त्याला रडणं म्हणतो.
किती वेळ? मी विचारलं.
वाकवताना तेवढंच. मग थांबते.

त्या रात्री मी पट्टी घेऊन वहीत सहावी रेघ ओढली.
ही पट्टी लाकडी, पोरीच्या दप्तरातली.
कागदाच्या कडेला जागा इतकीच उरली
की नावाचं पहिलं अक्षर मावावं.
'न्सि' लिहिलं. खाली 'मु'.
त्याच्याखाली मेहुण्याचं.

महिन्याअखेर साहेबांनी वही उलटी-सुलटी केली,
बोट ठेवून म्हणाले, हे काय?
पेन घसरलं, मी म्हणालो.