सांगे

देवनागरी आटोपली चार फटकाऱ्यांत:
सा, वर टिंब, गे.
रोमनला मात्र सात अक्षरं
आणि पत्रा वीतभर आखूड.
म्हटलं, हा मधला यू गाळतो,
उच्चारतंय कोण त्याला?

एस्पेरांसबाई सोड्याच्या बाटल्या पुसत होती.
"गाळ," म्हणाली, "आणि मग वाच.
गे चं जे होईल.
सांजे म्हणतील माझ्या गावाला."
आणि शेवटचा एम?
"तो नाकात. ओठ मिटायचे नाहीत."

बाकावर तिचा तिबुर्स,
आफ्रिकेच्या बोटीवरून उतरल्यापासून गप्प.
गिऱ्हाइकांशी बोलायची तीच,
उधारीवाल्यांवर खेकसायची तीच,
तो नुसता शेजारी.
"तो उलयना," ती हसली, "पूण जाय."

आमच्याकडेही र आणि व खेटून बसले
की ख होतो,
तेव्हा वाद घातला नाही.
दाटीवाटीनं सातही बसवली.
यूला जागा जरा जास्तच गेली.

तीन पावसाळ्यांनी रंग उडाला,
पुन्हा बोलावणं आलं.
बाकावर आता सोड्याचे रिकामे क्रेट.
तिनं न विचारता बाटली फोडून दिली.
एक उधारीवाला आला,
"फाल्यां दितां" म्हणाला,
आणि ती म्हणाली, "बरें,"
इतकं मऊ
की मी शिडीवरून वळून पाहिलं.

गंजानं एम अर्धा खाल्ला होता,
एसचं पोट गेलं होतं.

मी आधी यू भरला.