तीन बोटं माया

न्खोनो कापड घेण्याआधी चाटायची.
हो, चाटायची. मोखोत्लोंगच्या दुकानात, चारचौघांत,
जिभेच्या टोकानं एक कोपरा,
आणि खारट लागलं तरच ब्लँकेटच्या आतून पैसे काढायची.
मी बाहेर गाढवापाशी उभी,
ही बाई माझी आजी नव्हेच, असा चेहरा करून.

घरी ते निळं कापड आपल्या पायांवर उभं राहायचं,
इतकी खळ त्यात.
दोन-चार धुण्यांत खळ निघते, मग कापड माणसाळतं.

टेप नव्हती तिच्याकडे. सुतळी होती,
माणशी एक, गाठी मारलेली :
खांदा, छाती, कंबर, गुडघा.
दारामागच्या खिळ्याला सगळं घर लोंबत असायचं.
आजोबांचीही सुतळी. ते वेल्कमच्या खाणीतून
परत आले नाहीत,
पण त्यांच्या कंबरेची गाठ कुणी सोडली नाही.

मशीन हातानं फिरवायची. चाक फिरवायला
माझी आई, लिमाकात्सो, पाचव्या वर्षी बसली.
मी चौथ्या. हे मी तिला अजून ऐकवते.

"माया ठेव," न्खोनो म्हणायची.
किती, विचारलं की तीन बोटं आडवी ठेवायची कापडावर,
भेगाळलेली, लोकरीच्या वासाची.
"पोरी वाढतात, बाया सुटतात.
जास्त झाली तर आत घेता येते गं,
ठेवलीच नाहीस तर सोडशील काय?"

मग आई मासेरूला गेली, कारखान्यात.
जीन्सचा मागचा डावा खिसा. तेवढाच.
अकरा वर्षं डावा खिसा, दिवसाला साडेनऊशे.
उजवा शिवणारी पुलेंग शेजारीच बसायची;
दोघींनी मिळून अख्खी पँट कधी पाहिली नाही.
तिथे माया एक सेंटीमीटर.
सूतभर वर गेलं की सुपरवायझर तुकडा अंगावर फेकायचा.
आई सांगते, पहिला महिनाभर मी चुकत नव्हते,
माझी बोटं चुकत होती,
ती आपली जागा सोडत राहायची.

शनिवारी रात्री भाड्याच्या खोलीत
मेणबत्तीशी बसून ती माझे झगे शिवायची. अख्खे.
गळ्यापासून तळापर्यंत, दोन्ही खिसे.
नाताळच्या बसनं गठ्ठा वर यायचा डोंगरात.
मी झगा ओढून घ्यायची, न्खोनो तो परत घ्यायची,
उलटा करायची
आणि शिवणीवर बोटं टेकवायची.
एक. दोन. तीन.
"हं," म्हणायची.
तिला पत्र वाचता येत नव्हतं.

कारखाना एका मार्चमध्ये बंद झाला.
आई स्वतःची कात्री तेवढी घेऊन आली.

गेल्या जुलैत मला सातवा महिना,
रस्ता बर्फानं बंद, नवं कापड कुठून आणणार?
आईनं पेटीतून न्खोनोचा झगा काढला,
तोच, जो दुकानात मला लाज आणायचा.
न्खोनो नव्हती. खिळ्यावर तिची सुतळी होती,
आणि मी तिच्या गाठीपुढे वीतभर गेलेली.

आईनं ब्लेडनं टीप उसवली. कडकड आवाज,
जुन्या दोऱ्याचा.
आतून पट्टा निघाला, ऊन न पाहिलेला,
त्या दिवसाचं निळं, दुकानातलं,
आणि बाहेरचा झगा त्याच्याशेजारी एकदम
राखेसारखा दिसायला लागला.

आता माझ्या दोन्ही कुशींवर दोन गडद रेघा आहेत.
बाजारात बायका विचारतात, ही काय नवी फॅशन?

आई चुलीकडे वळली तेव्हा
मी हळूच तो पट्टा जिभेला लावला होता.
खारट नव्हता. कसा असेल, इतक्या धुण्यांनंतर.
साबण, जरा धूर.

"चाटून झालं असेल तर इकडे दे," आई पाठमोरीच म्हणाली,
"आणि कड कापू नकोस.
दोनच बोटं सोडलीत मी. एक अजून आहे."