शेवटचा हात

हेर्म्सडोर्फच्या प्रयोगशाळेत रोझविथा
कांड्या मोडायची. एकोणतीस वर्षं.
पांढऱ्या, खडूएवढ्या,
पोलादावर ओरखडा काढतील इतक्या कठीण
आणि एका रेघेपायी दोन तुकडे होतील अशा.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या तळहातावर दोन ठेवल्या.
ओळख, म्हणाली.
एक लांबीच्या दिशेनं घासलेली, दुसरी आडवी.
डोळ्यांना सारख्याच. बोटांनाही.
नखानं मात्र दुसरीवर किंचित किर्र केलं.
मग यंत्रात, चार रुळांमध्ये, हळूहळू भार.
वाकत नाहीतच त्या, फक्त ऐकून घेतात.
आडवी कितीतरी आधी गेली.
भुकटी तीच, भट्टी तीच.
"शेवटचा हात कुठून कुठे फिरला, ते विचार आधी."

कांडीजवळ श्वास सोडायला बंदी होती.
मला ते सोवळंओवळं वाटायचं,
तिनं जुन्या वह्या उघडेपर्यंत:
जानेवारीत, हीटरनं हवा कोरडी पडली की
कांड्या जास्त पेलायच्या;
ऑगस्टमध्ये जंगलाकडून दमट वारा आला
की हात टेकायच्या.
भेगेच्या टोकाशी,
जिथे सुईसुद्धा आडदांड ठरेल,
पाण्याचा एक रेणू जाऊन बसतो.
एक बंध सोडवतो. पुढे सरकतो.
पाणी कुठे मुरतंय, तिला नेमकं ठाऊक होतं.

एक कांडी आम्ही ओलसर पेटीत ठेवली,
मोडेल त्याच्या अर्ध्या भाराखाली,
आणि घरी गेलो.
काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.
आठवड्यानं मी तिच्याकडे बघणं सोडलं.
सतराव्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
घड्याळ थांबलं.
इमारतीत कुणीच नव्हतं.
वहीत कारणाचा रकाना असतो.
रोझविथानं लिहिलं: वाट पाहिली.

आता तिच्या डाव्या खुब्यात
त्याच जातीची एक गोटी आहे, आरशासारखी.
भूल चढायच्या आधी तिनं डॉक्टर क्नाउटना विचारलं,
शेवटची घासणी किती बारीक दाण्याची?
ते हसले. ती नाही.
आत तर बारा महिने ऑगस्टच.

परवा जिना चढताना ती मधेच थांबली,
कठडा धरून, मान एका बाजूला.
दुखतंय का?
"नाही गं. ऐकतेय."
मग वर गेलो.
कॉफी नेहमीसारखीच पातळ होती,
आणि कपाच्या कानाशी एक केसाएवढी रेघ,
जी आम्ही दोघींनीही
पाहिली.